सात बोटं

वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
मी लोकांचे फॉर्म भरतो: रेशनचे, पेन्शनचे, आंब्याच्या विम्याचे.
व्हिसाचा हा पहिलाच.
सत्यभामा वायंगणकर स्टुलावर बसली,
पिशवीतून पासपोर्ट काढला, पिशवीला परत गाठ मारली
आणि म्हणाली, "लिही. मी सांगतंय."

जन्मतारीख एक जून.
मास्तरांनी अख्ख्या वाडीला एकच दिलेली.

कुठे जाणार? रॉटरडॅम.
इंग्रजीतलं एवढंच तिला वाचता येतं.
एकतीस वर्षं दर शनिवारी
काजूगराच्या डब्यांवर तिनं
याच अक्षरांचा शिक्का मारला.

उद्देश?
मी म्हटलं, भाच्याला भेटणं लिहू.
तिथल्या गोदीत फिटर आहे, तिकीटही तोच काढतोय.
"भाचो चतुर्थीक येता हंय. त्येका भेटूक थंय कित्याक जाऊ?
माझे डबे खंय जातत, ता बगूचा आसा.
कोण खाता. एकेक खाता, काय मूठ भरून."
यादीत तसा पर्याय नव्हता.
मी 'पर्यटन'वर टिचकी मारली.

विमा काढला, तीस हजार युरोचा.
"येवढ्यात मी मेलंय तर बरां," म्हणून हसली,
मग फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर
माझ्यावरच रागावली.

परत येण्याचा पुरावा द्या, असं एक कलम होतं.
तिनं सातबारा आणला: दीड गुंठा, नावं एकोणीस,
त्यांतली अकरा वारलेली.
मी विचारलं, अजून काही? परत येशील कशावरून?
ती बघत राहिली, जणू मी विचारलं होतं
जेवल्यावर हात धुशील ना.
"थंय कोण र्‍हवतलो?
सकाळची पेज कोण देतलो माका?"
हे मी लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

आणि मग बोटं.
काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं.
राख लावा, एरंडेल लावा, ते खायचं ते खातंच.
दहाही बोटं तिची कोरी,
आधारच्या वेळीही यंत्राला सापडली नव्हती.
डॉक्टर म्हणाले, महिनाभर बीला हात लावू नका,
रेघा परत येतात.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती महिनाभर घरी.
तिन्हीसांजेला दुकानात यायची,
दोन्ही हात उताणे माझ्या टेबलावर ठेवायची,
मी मोबाईलचा उजेड पाडायचो.
दहाव्या दिवशी उजव्या करंगळीवर काहीतरी दिसलं,
ओल्या वाळूवरून बारकी कुर्ली चालून गेल्यासारखं.
विसाव्या दिवशी ती म्हणाली,
"लुगड्याचां सूत लागता रे हाताक.
मिठाचो खडो टोचता."
आणि बराच वेळ काउंटरच्या कडेवरून
बोट फिरवत बसली.

पणजीला एसटीनं गेलो. गार खोली, निळ्या खुर्च्या.
मुलीनं काच पुसली. ठेवा. परत ठेवा.
जोरात दाबा. एवढं जोरात नको.
चौदा वेळा.
शेवटी सात लागली: उजवी पाच, डावी दोन.
येताना बांद्यापर्यंत ती बोलली नाही,
मग खिडकीकडे बघतच म्हणाली,
"ह्या सातांवरसून ते माका वळाखतले?"
मी म्हटलं, सात पुष्कळ झाली.
मला काय माहीत.

निकाल पंधरा दिवसांनी कळेल, म्हणाले.
सोमवारी कारखान्याचा भोंगा झाला
आणि ती दुकानावरून गेली, हातात जेवणाचा डबा.
मी बाहेर येऊन ओरडलो, मावशे,
तिकडे उतरल्यावर परत तपासतील, पुसून जातील!
ती थांबली.
"महिन्याचो पगार बुडलो माझो," म्हणाली,
मग उजवा हात पदरात गुंडाळून
पोटाशी धरला,
"डाव्यान फोडतलंय."